एकशे एकचा इसार

आमच्याकडे लोक सकाळी उठून मोबाइलवर सोयाबीनचा भाव पाहतात. मी रॅमचा पाहतो, आणि पाहिला की चहा कडू लागतो. बायको म्हणते, "कामून बघता मंग? नका ना बघू." तिला सांगून उपयोग नाही. ज्या सौद्यात मी बुडालो, त्याचा निम्मा दोष तिचाच आहे. उरलेला निम्मा गंगाखेडच्या एका बाईचा. माझा काहीही नाही, हे मी आजही चारचौघांत सांगायला तयार आहे.

भाव करण्यात मला कुणी हरवेल असं परभणीत तरी मला वाटत नव्हतं. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चरच्या पैशांवरून गिऱ्हाईक अर्धा तास वाद घालायचं आणि मी ट्यूब पाण्यात बुडवत ऐकत बसायचो. कोण खरंच गरीब आहे आणि कोण नुसता तोंडाचा, हे मला शाळेच्या अभ्यासाआधी कळायला लागलं. कॉलेजात असताना टीव्हीला जोडायचा गेमचा एक जुना डबा मी निम्म्याहून कमी पैशांत घेतला. मालक म्हणत होता, डबा बिघडलाय. बिघडली होती फक्त वायर. वर्षभर तो डबा वसतिगृहातल्या पोरांना तासावर भाड्यानं दिला आणि शेवटी घेतल्यापेक्षा जास्त पैशांना विकला. त्या पैशांत पुण्याला जायचं तिकीट, खोलीचं पहिलं भाडं आणि मुलाखतीचे बूट आले. मला कुणी काही दिलं नाही. जे झालं ते असं झालं.

पुण्यात सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम कुठं मोडतो ते शोधायचं. स्वभावाला अगदी जुळणारं काम. पहिल्या पगारात मॉलमधून नवा गेमिंग कन्सोल घेतला. काउंटरवरचा पोरगा "फिक्स रेट" म्हणाला आणि मी मुकाट्यानं कार्ड दिलं. त्या अपमानाची आठवण मला पुढं बरीच वर्षं टोचत राहिली.

लॉकडाउनमध्ये परभणीला आलो तो इथंच राहिलो. कंपनीला चाललं. त्याच काळात ग्राफिक्स कार्डांचे भाव भडकले. गेममधली चित्रं पडद्यावर उमटवणारं हे कार्ड. पण लोक ते आभासी नाणी काढायला वापरू लागले होते, त्यामुळं बाजारात मिळेना. मी जुनी कार्डं शोधून घ्यायचो, साफ करायचो, विकायचो. पगाराच्या वर पैसा आला. मग मला वाटलं, आपल्याला बाजार कळतो. साठवलेलं सगळं घालून एकदम कार्डं घेतली आणि भाव पडले. बायकोच्या साड्यांच्या कपाटात ती कार्डं महिनोन्‌महिने पडून होती. साडी काढताना ती विचारायची, "याच्यावर गहू दळता येतेत का हो?"

उरलेल्या सामानातून मी एक मशीन उभं केलं. गेम खेळायचा कॉम्प्युटर, पण एकेक भाग मी निवडलेला आणि एकेका भागासाठी कुणाशी तरी भांडलेलो. बाहेरची पेटी, म्हणजे कॅबिनेट, हैदराबादहून आणलं, रेल्वेत मांडीवर घेऊन. कार्ड कपाटातलंच, सगळ्यांत चांगलं. आणि रॅम मी गरजेच्या कितीतरी पट घातली. रॅम म्हणजे बोटभर रुंदीच्या पट्ट्या. मशीनला एका वेळी जेवढं ध्यानात ठेवायचं असतं ते त्यांच्यावर ठेवतं. तेव्हा त्या मातीमोल भावात मिळत होत्या. मित्र हसले. एवढी रॅम काय लोणच्याला घालणार, म्हणाले. मी मात्र संध्याकाळी काम संपलं की त्या मशीनवर डोंगराच्या रस्त्यानं गाड्या पळवायचो आणि मला बरं वाटायचं.

मग नोकरी गेली. व्हिडिओ कॉलवर बोलावलं. समोरच्या बाईनं कॅमेरा बंद ठेवून एक कागद वाचून दाखवला. तपासायचं काम आता एआय करणार होतं. मी प्रश्न विचारायला तोंड उघडलं तर माझा आवाज तिकडूनच बंद केलेला होता. ज्या माणसाला मी मुलाखतीच्या दिवशी पगार वाढवून मागितला आणि मिळवला, तो माणूस कॉलवर आलाही नाही. सौदा मोडायचा असेल तर समोर येऊन मोडावा. ही गोष्ट मला आजही पचलेली नाही.

बायको सरकारी कचेरीत लिपिक आहे, त्यामुळं चूल चालू राहिली. पण मला घरात बसवेना. बसस्टँडजवळच्या एका मोबाइलच्या दुकानात अर्धं टेबल भाड्यानं मिळत होतं. तिथं बसून कन्सोल आणि खेळताना हातात धरायचे कंट्रोलर दुरुस्त करायचे, असं मी ठरवलं. परभणीत हे काम कुणी करत नव्हतं, लोक नांदेडला किंवा पुण्याला पाठवायचे. टेबलाची अनामत आणि हत्यारं, एवढ्यासाठी पैसे लागणार होते. मशीन विकायला काढलं.

जाहिरात टाकली आणि गंगाखेडहून एका बाईचा फोन आला. नाव-गाव राहिलं बाजूला, तिनं पहिला प्रश्न विचारला, "मशीन आता चालू हाय का दादा?"

"नाही. का?"

"मंग आत्ता चालू करा. अन् मी येईपर्यंत बंद करू नका."

मी फोन कानाला लावूनच मशीन चालू केलं. थंड मशीन सगळे दोष लपवतं. तास-दोन तास तापलं की पंखा कुरकुरतो, पडदा लुकलुकतो, जे काय असेल ते बाहेर येतं. मी स्वतः विकत घ्यायला जायचो तेव्हा हेच करायचो. पण हे फोनवर सांगून, यष्टीत बसायच्या आधी माझ्याच विजेवर तापवून घेणं मला कधी सुचलं नव्हतं.

बाई तिशीची असेल. खांद्याला पिशवी, पिशवीत स्वतःचा कंट्रोलर आणि पेनड्राइव्ह. गेम बनवणाऱ्या एका कंपनीत ती तपासनीस होती, घरूनच काम करायची. म्हणजे माझाच धंदा. फरक एवढाच, की मी बँकांचे कंटाळवाणे प्रोग्राम तपासायचो आणि ती गेम. एकच टप्पा शेकडो वेळा खेळायचा आणि गेममधलं पात्र भिंतीतून कुठं आरपार जातं ते शोधायचं.

"दिवसभर भितीवर डोकं आपटायचं काम हाय वहिनी," ती माझ्या बायकोला म्हणाली. "पगार मिळतो म्हणून बरं, न्हाई तर माय म्हणली असती, पोरीला काय झालंय."

बायको हसली आणि तिथंच माझी बाजू निम्मी कमजोर झाली.

बाईनं मशीन खेळून पाहिलं नाही. आधी वरच्या जाळीवर हात ठेवून डोळे मिटून ऐकलं. मग मागचा पंखा दाखवून म्हणाली, "ह्यो मदीच श्वास घ्यायलाय." बाजूची काच काढून आत वाकली. बायको दारात उभी राहून माझ्या कानात म्हणाली, "म्हशीची कास बघावी तशी बघायलीय हो."

"दादा, चार पट्ट्या हायेत. तीन एका घरच्या. ही चौथी सावत्र हाय."

चौथी पट्टी मी दुसऱ्या कंपनीची घातली होती, स्वस्त मिळाली म्हणून. आजवर एकाही माणसाच्या लक्षात आलं नव्हतं. मी म्हणालो, "काम करते ना?"

"सावत्र बी काम करतंच की. पर भाव सख्ख्याचा कसा द्यावा?"

मी आकडा सांगितला. ती गप्प. पाणी प्यायली, तांब्या खाली ठेवला, पुन्हा गप्प. गप्प बसणं हे माझं हत्यार. समोरचा गप्प बसला की दुसरा माणूस बावरतो आणि स्वतःच आकडा उतरवतो. मीही गप्प बसलो. आम्ही दोघं एवढा वेळ गप्प बसलो की बायकोनं आतून येऊन विचारलं, "काय झालं, लाइट गेली का?"

मग तिनं तिचा आकडा सांगितला. मी भडकलो. मला भडकायला वेळ लागत नाही आणि अनेकदा त्याचा फायदाही होतो. म्हणालो, "ताई, एवढ्यात नुसतं कॅबिनेट येतं. त्यात तुम्ही कोथिंबीर ठेवा." ती रागावली नाही. "बरं दादा," म्हणाली, पिशवी उचलली, चपला घातल्या आणि निघाली. उठून निघून जाणं हेही माझंच हत्यार. पण आपल्याच घरात माणूस उठून जाणार कुठं? ती फाटकापर्यंत गेली. एकदाही मागं वळून पाहिलं नाही. कडी लावायला लागली तेव्हा मला हाक मारावी लागली.

सौदा ठरला. माझ्या आकड्याच्या जवळ कमी आणि तिच्या आकड्याच्या जवळ जास्त. पण तिचा पगार महिनाअखेरीला होणार होता.

"पगार झाला की पूर्ण पैशे देऊन नेते. आज एकशे एक इसार देते."

इसार आमच्याकडे अजून चालतो. सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून घेणारा देतो ती आगाऊ रक्कम. घेणारा फिरला तर त्याचा इसार बुडाला, विकणारा फिरला तर त्यानं दुप्पट परत करायचा. जमिनीला असतो, बैलाला असतो. कॉम्प्युटरला मी पहिल्यांदाच ऐकत होतो आणि मला मौज वाटली. सौदा झाल्यावर दुकानदार जसा मोठेपणानं बोलतो, तसं मी म्हणालो, "माझ्याकडं कशाला? घरच्या लक्ष्मीच्या हातात द्या."

तिनं शंभराची नोट आणि रुपया बायकोच्या हातात ठेवला. बायकोनं कपाळाला लावून घेतला.

पंधरवडा गेला असेल. रॅमचे भाव हलायला लागले, मग पळायला लागले. कारण वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरात फेऱ्या मारल्या. एआयवाल्या मोठ्या कंपन्या जगभर कॉम्प्युटरांची गोदामं उभारत होत्या आणि रॅम बनवणाऱ्यांचा सगळा माल त्याच उचलत होत्या. सामान्य माणसाला उरेना. माझ्या मशीनमधल्या चार पट्ट्यांचीच किंमत अख्ख्या ठरलेल्या सौद्याच्या जवळ जाऊन बसली. म्हणजे ज्या एआयनं माझी नोकरी खाल्ली, त्यानंच माझी रॅम सोन्याची केली. आणि ती मी आधीच विकून बसलेलो. अर्ध्या टेबलाच्या जागी मला अख्खं दुकान घेता आलं असतं.

मी बायकोला म्हणालो, "दोनशे दोन रुपये देऊन टाकू. नियमाप्रमाणं दुप्पट. सौदा मोडला."

ती भाजी निवडत होती. "इसार मी घेतलाय," म्हणाली.

"मग तू दे."

"कुठून देऊ? त्या शंभराचं दूध आणलं. खाल्ला आपण तो इसार."

"अगं, नोटेला नोट! दुसरी दे."

"दुसरी नोट इसाराची न्हाई. अन् मला मोडायचा बी न्हाई. बाईच्या हातून घेतलेला हाय, कपाळाला लावून. तुमीच म्हणले ना, लक्ष्मीच्या हातात द्या? मंग आता लक्ष्मीला इचारा."

मी आवाज चढवला. म्हणालो, माझ्याशी कुणी शब्द पाळला? कंपनीनं पाळला? बायकोनं भेंडीचं देठ मोडलं आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या कंपनीनं तुमाला इसार दिला व्हता का?"

मी उठलो आणि त्या दिवशी जेवलो नाही.

महिना संपला आणि बाई आली. काखेत गोधडी, मशीन गुंडाळून न्यायला. मी दारातच दोनशे दोन रुपये पुढं केले.

"हे काय दादा?"

"दुप्पट इसार. सौदा मोडला. भाव वाढलेत."

"माहीत हाय मला. रोज बघायले मी बी." तिनं पैशांकडं हात केला नाही. "पर मी तुमच्या हातात दिलाच न्हवता. वहिनी, ओ वहिनी! तुमी परत करायलाव का इसार?"

बायको ओले हात पुसत बाहेर आली. "मी न्हाई बाई. मी तर खाल्ला."

दोघी हसल्या आणि माझा तोल गेला. त्या दिवशी मी काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. बंद कॅमेऱ्याच्या बाईपासून सुरुवात केली. जग कसं शब्दाला जागत नाही, आणि शब्दाला जागायची जबाबदारी नेमकी माझ्यासारख्यानंच का घ्यायची, हे मी इतक्या मोठ्यानं सांगितलं की शेजारचे गच्चीवर आले. बाई ऐकत राहिली. मी थांबलो तेव्हा गोधडी कट्ट्यावर ठेवून बसली.

"दादा, आमच्या कंपनीत बी हेच चालू हाय. आमच्यातले निम्मे गेले. माझा लॅपटॉप कंपनीचा हाय, खुर्ची बी त्यांनीच धाडली. उद्या फोन आला की दोन्ही परत. मंग मी हात हलवत बसू? घरात माझं सोताचं एक मशीन असलं, तर मी दुसरं काम धरू शकते. म्हणून घेतलं व्हतं." थोडं थांबून म्हणाली, "आजच्या भावात मला हे या जन्मात होणार न्हाई. म्हणून मी सोडणार न्हाई. तुमाला वाईट वाटत असल तर वाटू द्या."

मी खूप माणसांशी भाव केला आहे. अडचणीतला माणूस रडतो, नाही तर बाणेदारपणा करतो. अडचण सरळ टेबलावर मांडून, तिच्याबद्दल दयेचा एक पैसाही न मागता, ठरल्याप्रमाणं माल द्या म्हणणारं माणूस मला त्याआधी भेटलेलं नव्हतं. तिनं चार रुपये वाढवून देते असं म्हटलं असतं, तरी मी आणखी चार मागितले असते आणि आम्ही संध्याकाळपर्यंत भांडलो असतो. तिनं तसं केलं नाही. मला जागाच ठेवली नाही.

तरी मी एक प्रयत्न केला. वायरी काढताना म्हणालो, "बरं, चौथी पट्टी तेवढी काढून घेतो. सावत्र आहे ना ती?"

"सावत्र म्हणून भाव पाडला दादा, सोडली कुठं?"

बायको तोंडाला पदर लावून आत गेली. मी स्क्रू आवळला आणि काच बसवली. बाईनं पैसे दिले, बायकोच्या हातात. मशीन गोधडीत गुंडाळायलाही मीच मदत केली, कारण ती गाठ चुकीच्या जागी मारत होती. बसस्टँडवर तिनं मशीनला खिडकीकडची जागा दिली आणि स्वतः बाहेरच्या बाजूला बसली. कंडक्टरनं सामानाचं तिकीट लावलं तेव्हा मी त्याच्याशी वाद घालायला लागलो. तीच म्हणाली, "राहू द्या दादा, त्याचा रेट फिक्स असतो."

अख्खं दुकान काही झालं नाही. अर्ध्या टेबलावर बसलो. पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही आणि समोर लटकवलेली मोबाइलची कव्हरं मोजून मोजून मला शिसारी आली. मग ऊस गाळपाच्या हंगामात गंगाखेडहून फोन आला. मशीन तापून बंद पडत होतं.

यष्टीत बसलो तेव्हा मनात शंभर विचार. ती आता माल परत करायला बघणार, पैसे मागणार. मी उत्तरं तयार करत गेलो. तिच्या घरी पोचून काच काढली तर आत सगळं काळं. साखर कारखान्याच्या धुराड्यातून हंगामभर राख उडते, अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. पंखे ती राख ओढून घेत होते. मी मशीन अंगणात नेऊन सगळं खोललं, ब्रशनं झाडलं, कार्डावरचा पंखा वेगळा करून धुतला, आणि डासांच्या जाळीचा तुकडा कापून पुढं बसवून दिला. दर आठवड्याला ही जाळी झटकायची, असं सांगितलं. दुपार गेली. बाईचं एकीकडं काम चालू होतं, कंपनीच्या लॅपटॉपवर. कामावरून काढायचा फोन अजून आलेला नव्हता.

मशीन चालू झालं. ती वरच्या जाळीवर हात ठेवून ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "किती झाले दादा?"

मी हिशोब करूनच आलो होतो. जाऊन-येऊन भाडं, दिवसाची मजुरी, आणि ती निम्म्यावर आणणार म्हणून सगळ्याची दुप्पट. तो आकडा सांगितला आणि भांडायच्या तयारीनं पाय रोवून उभा राहिलो.

तिनं आतून पैसे आणून पुढं धरले. पूर्ण.

मला कळेना. "ताई, भाव नाही केला? तब्येत बरी आहे ना?"

"वस्तूचा भाव मी करते दादा," ती म्हणाली. "कामाचा न्हाई करत. आपल्या कामाचं मोल माणूस सोताच सांगतो, तेवढंच असतं."

तिच्यामागं लॅपटॉपवर कुठला तरी निरोप वाजला आणि ती तिकडं वळली. मी हातातल्या नोटांकडं पाहिलं. निम्म्या परत करायला हव्या होत्या, हे मला कळत होतं. पण मग मी दुप्पट सांगितले होते, हेही सांगावं लागलं असतं. मी सगळ्या खिशात घातल्या, रॅममध्ये झालेल्या तोट्याच्या खात्यावर. आणि मग उगाच बसून तिच्या कंट्रोलरचं ढिलं झालेलं बटण नीट केलं, टेबलाखालच्या वायरी बांधून दिल्या आणि भिंतीवरचा प्लग सैल होता तोही आवळला. यष्टी चुकली. दुसरी तासाभरानं होती.